झाकली मूठ उघडताना

(व्यवसायोपचाराच्या शिक्षणासाठी संस्थेकडे अर्थसाहाय्य मागणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींपूर्वी रुग्णालयाच्या सभागृहात व्यवसायोपचार विभागाच्या प्रमुखांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुढील आठवड्यात याच इमारतीत तुमच्यापैकी काहींच्या मुलाखती होणार आहेत. त्या मुलाखतीत एक प्रश्न प्रत्येकाला विचारला जातो आणि बहुतेकांची गाडी तेथेच अडते. तो प्रश्न असा : ‘तुमच्या स्वभावातील किंवा कामातील उणीव कोणती?’ या एकाच प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण संस्थेचे साहाय्य कोणाला मिळावे, आणि पुढे कर्जत-खालापूरच्या रुग्णांच्या हाताला कोणाचा हात लागावा, हे काही अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

प्रथम व्यवसायोपचार म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कारण या शब्दाने पुष्कळांची दिशाभूल होते. आमच्या विभागाची पाटी वाचून ‘येथे नोकरी-धंदा लावून देतात काय?’ अशी चौकशी करणारे आजही भेटतात. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे माणूस दिवसभरात ज्यात गुंतलेला असतो ते सर्व : दात घासणे, सदऱ्याची बटणे लावणे, जेवणे, भाकरी थापणे, शाळेत जाणे, शेतात राबणे. आजाराने किंवा अपघाताने यांपैकी जे सुटले ते पुन्हा हाती यावे म्हणून, त्या कामांच्याच साहाय्याने केलेला उपचार तो व्यवसायोपचार. द्रुतगती मार्गावरील अपघातात मेंदूला मार बसलेला तरुण, खोपोलीच्या कारखान्यात यंत्रात बोटे गमावलेला कामगार, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेली आजी, जन्मतः मेंदूचा पक्षाघात असलेले वाडीवरचे मूल, असे सारे या उपचाराकडे येतात.

या शास्त्राचा आरंभच मुळी एका उणिवेच्या स्वीकारातून झाला आहे. १९१७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज एडवर्ड बार्टन हे व्यवसायाने वास्तुविशारद होते. क्षयरोगाने आणि पुढे शरीराच्या डाव्या बाजूच्या पक्षाघाताने ते स्वतः जर्जर झाले होते. आपले शरीर काय करू शकत नाही, हे त्यांनी आधी स्वतःशी मान्य केले आणि हातांना काम देऊन ते पुन्हा उभे राहिले.

आपल्याकडे हे शास्त्र आणले कमलाताई निंबकरांनी. जन्माने त्या अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. वयाची चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, फिलाडेल्फियाच्या शाळेत व्यवसायोपचार शिकल्या आणि १९५० साली त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची देशातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांमध्ये भारत होता. आपल्याला हे येत नाही, म्हणून शिकले पाहिजे, असे त्या वयात म्हणून शाळेच्या बाकावर बसणे सोपे नसते. विद्यार्थ्यांनो, तुम्ही ज्या वाटेवर पाऊल टाकू पाहता ती वाट अशा माणसांनी घातलेली आहे.

आता मुलाखतीकडे वळते. महाराष्ट्रात व्यवसायोपचाराच्या पदवीचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेतील गुणांवर होतो. तेथे तुम्हाला कोणी स्वभाव विचारीत नाही. परंतु आपल्यासारख्या संस्थेचे साहाय्य मागताना, पुढे नोकरीच्या वेळी, किंवा परदेशातील विद्यापीठात अर्ज करताना मुलाखत समोर येते. ब्रिटन-अमेरिकेतील अनेक शाळा प्रवेशापूर्वी मुलाखत घेतात आणि तेथे हा प्रश्न या ना त्या रूपाने येतोच.

माझ्या वाट्याला तो पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या मुलाखतीत आला. मी उत्तर पाठ करून गेले होते. ‘मी अति परिश्रम करते, काम हाती घेतले की स्वतःकडे लक्ष देत नाही,’ असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. समोर बसलेल्या ज्येष्ठ बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारले, ‘त्याचा त्रास कोणाला होतो?’ मी गप्प झाले. त्रास कोणालाच होत नव्हता, कारण ती उणीव नव्हतीच. उणिवेचे कपडे घातलेली आत्मस्तुती होती. त्या दिवशी मला प्रवेश मिळाला नाही. पण तो प्रश्न मात्र मिळाला आणि तो आजवर माझ्या उपयोगी पडत आला आहे.

मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसू लागल्यावर मी असंख्य उत्तरे ऐकली. चुकलेली उत्तरे साधारणतः तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार माझ्या स्वतःच्या उत्तराचा : गुणालाच दोष म्हणून पुढे करणे. ‘मला सगळे अगदी अचूक लागते’, ‘मला कोणाला नाही म्हणता येत नाही’ ही त्याचीच रूपे. ही वाक्ये खरीही असू शकतात. पण ती सांगून जो तेथेच थांबतो, तो आपल्याला काहीच सांगत नाही.

दुसरा प्रकार आपल्या भागातील मुलांचा, आणि तो ऐकताना मला वाईट वाटते. ‘माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले’, ‘आमची परिस्थिती गरिबीची’, ‘आमच्या वाडीवर इंटरनेट नीट चालत नाही’. बाळांनो, या तुमच्या उणिवा नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अपंगत्वाविषयीचे जे वर्गीकरण स्वीकारले, त्याचे सार असे की माणसाची अडचण केवळ त्याच्या शरीरात नसते, ती त्याच्या भोवतालच्या परिस्थितीतही असते. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला पायऱ्या अडवितात, तेव्हा दोष त्याच्या पायांइतकाच पायऱ्यांचाही असतो. तुमचे इंग्रजी कच्चे असेल, तर ‘माझे इंग्रजी वाचन सावकाश होते, पाठ्यपुस्तक समजायला मला वेळ लागतो, म्हणून मी रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचते’ असे सांगा. ती वस्तुस्थिती झाली आणि तिच्यावरचा उपायही झाला. मान खाली घालण्याचे त्यात काही कारण नाही.

तिसरा प्रकार सर्वस्व उघडे करण्याचा. घरातील भांडणे, स्वतःचे आजारपण, कोणाचे व्यसन, असे सारे एका दमात सांगून मोकळे होणारे उमेदवार मी पाहिले आहेत. मुलाखत म्हणजे कबुलीजबाब नव्हे. तुमच्या प्रकृतीची किंवा घरची खाजगी हकिकत सांगण्याचे तुमच्यावर बंधन नाही. कोणाला अपंगत्व असेल, तर तेही उणीव म्हणून सांगण्याची गरज नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा त्यांना समान वागणुकीचा हक्क देतो. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पात्र अपंग विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. शिकताना कोणती सोय लागेल, एवढे सांगितले की पुरे.

मग खरे उत्तर कसे असावे? त्यासाठी वेगळे शास्त्र शिकावे लागत नाही. आपण रुग्णाची तपासणी ज्या रीतीने करतो, तीच रीत स्वतःला लावावयाची.

रुग्ण प्रथम आमच्याकडे येतो, तेव्हा ‘हाताला ताकद नाही’ असे तो म्हणतो. एवढ्यावर कोणताही उपचार ठरविता येत नाही. आम्ही विचारतो : कोणते काम अडते? दिवसातून किती वेळा? ते अडले की घरात कोणावर भार पडतो? आतापर्यंत काय करून पाहिले? १९९०च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील व्यवसायोपचार तज्ज्ञांनी एक मापनपद्धती तयार केली. ती आज जगभर वापरली जाते. तीत रुग्ण स्वतःच आपली अडलेली कामे सांगतो, प्रत्येक काम आपल्याला किती महत्त्वाचे आहे ते दहापैकी अंक देऊन ठरवितो, आणि आज ते आपण कसे करतो व त्यात किती समाधानी आहोत, यालाही स्वतःच गुण देतो. म्हणजे ‘तुमची उणीव कोणती?’ हा प्रश्न आम्ही रुग्णाला रोज विचारीत असतो. ज्याला तो स्वतःविषयी ऐकवत नाही, त्याने तो पासष्ट वर्षांच्या शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने विचारावा?

आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी म्हण आहे. घराची अब्रू राखण्यासाठी ती ठीक असेल. पण पक्षाघाताच्या रुग्णाची मूठ आम्ही पाहतो. ती झाकलेलीच राहू दिली, तर बोटे आखडतात, तळहात ओला राहून कातडी सोलवटते, नखे आत रुतू लागतात, आणि काही महिन्यांनी मूठ उघडायची म्हटले तरी उघडत नाही. म्हणून आम्ही ती रोज थोडी थोडी, न दुखवता उघडतो. स्वभावातील उणिवेचेही असेच आहे.

माझे स्वतःचेच उदाहरण देते. खालापूर तालुक्यातील एक वयस्क शेतकरी उजव्या बाजूच्या पक्षाघातानंतर माझ्याकडे येत असत. त्यांना सदरा स्वतः घालता यावा, हे आमचे पहिले उद्दिष्ट ठरले होते. बाहेर रुग्णांची रांग असे. ते डाव्या हाताने एक बटण काजात सरकविण्यासाठी झगडत असत आणि माझे लक्ष घड्याळाकडे जाई. शेवटची दोन-तीन बटणे मी चटकन लावून टाकी आणि ‘छान, आज पुष्कळ प्रगती झाली’ असे म्हणे. चार-पाच खेपा अशा गेल्यावर त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, ‘बाई, इथं तुम्ही बटणं लावता, घरी मी लावते, मग हे लावणार कधी?’

त्या माउलीने माझ्या उणिवेचे निदान एका वाक्यात केले. मला धीर धरवत नाही. समोरच्याची धडपड पाहवत नाही, म्हणून मी त्याचे काम हिसकावून घेते आणि त्याला मदत असे नाव देते. त्याचा त्रास कोणाला होतो? त्या शेतकऱ्याला, कारण त्याचा शिकण्याचा वेळ मी खाल्ला. त्याच्या पत्नीला, कारण घरचा भार जसाचा तसा राहिला. मी उपाय म्हणून दोन गोष्टी केल्या. त्यांची वेळ सकाळच्या गर्दीतून काढून शेवटी ठेवली. आणि ते बटण लावीत असताना एका हातात कागद व दुसऱ्या हातात पेन धरून किती मिनिटे लागली ते लिहू लागले, म्हणजे माझे दोन्ही हात गुंतून राहतील. पहिल्या दिवशी पाच बटणांना अकरा मिनिटे लागली. ती अकरा मिनिटे मला फार लांब वाटली. पुढे काही आठवड्यांनी हे काम सहा मिनिटांवर आले, आणि त्या वर्षी आवणीच्या वेळी ते बांधावर बसून एका हाताने रोपांच्या मुठी पुढे सरकवीत होते, असे त्यांच्या पत्नीने कौतुकाने सांगितले. माझा उतावळेपणा आजही गेलेला नाही. रांग वाढली की तो डोके वर काढतो. पण तो केव्हा येतो, हे आता मला ठाऊक आहे.

विद्यार्थ्यांनो, या हकिकतीत तुमच्या उत्तराचे चारही भाग आले आहेत. उणीव नेमकी कोठे व केव्हा दिसते, हा पहिला. तिचा त्रास कोणाला होतो, हा दुसरा. तिच्यावर आज काय उपाय चालू आहे, हा तिसरा. आणि अजून काय शिल्लक आहे, हा चौथा. चौथा भाग बहुतेक जण गाळतात. ‘पूर्वी माझ्यात ही उणीव होती, आता ती पूर्ण गेली’ असे कोणी म्हटले की ऐकणारा मनात हसतो. आमचा रुग्णही शंभर टक्के बरा होऊन जातो असे क्वचितच घडते. जे उरते त्यासह जगायचे कसे, हे शिकूनच तो घरी जातो.

तुम्हाला वाटेल, आमच्यापाशी रुग्णांच्या हकिकती कोठून असणार? त्यांची गरज नाही. तुमच्या रोजच्या जगण्यात पाहा. कर्जतहून मुंबईला जाणारी गाडी पकडण्यासाठी तुम्ही घाईने निघता आणि धाकट्या भावाचे दप्तर त्याला भरू न देता स्वतःच भरता काय? गटात काम करताना एखाद्याचे चुकत आहे हे दिसूनही भांडण नको म्हणून गप्प बसता काय? उद्या रुग्णाच्या औषधाबाबत शंका आल्यावर मोठ्या डॉक्टरांसमोर असेच गप्प बसलात, तर त्याची किंमत रुग्ण देईल. प्रयोगवही शेवटच्या रात्री पूर्ण करता काय? उद्या रुग्णाची नोंद आठवड्याने लिहिलीत, तर त्यात आठवणीची भेसळ होईल. आजच्या सवयीतून उद्याच्या रुग्णापर्यंतचा हा धागा ज्याला दाखविता येतो, त्याला हे काम काय आहे हे समजले आहे, असे मी समजते.

आपल्या तालुक्यांतील एक उदाहरण तर मी प्रत्येक प्रशिक्षणार्थीला सांगते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. उपचार अर्धवट टाकून मूल निघून जाते आणि आपण कागदावर ‘पालक निष्काळजी’ असा शेरा मारतो. अशा वेळी रुग्णाला दोष देणे ही आपलीच उणीव असते. कुटुंब केव्हा जाणार, हे आधी विचारले असते, तर भट्टीवर आईला करता येतील असे चार व्यायाम आपण दिवाळीपूर्वीच शिकविले असते. मी असे शेरे स्वतः लिहिले आहेत, म्हणून हे अधिकाराने सांगते.

आता विश्वस्तांना व मुलाखत घेणाऱ्यांना दोन शब्द सांगण्याची अनुमती असावी. त्यांत मीही येते, आणि आज हा विषय निवडण्याचे खरे कारण येथेच आहे.

पूर्वी एकदा साहाय्यासाठीच्या मुलाखतीत एका वाडीवरून आलेली मुलगी आमच्यासमोर बसली होती. उणीव विचारताच ती बराच वेळ खाली पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘कोणी रडायला लागलं की मला तिथं थांबवत नाही. आजीला लकवा झाला तेव्हा ती रडायची आणि मी पाणी आणायला म्हणून विहिरीवर जायची.’ याहून पुढे तिला काही बोलता आले नाही. तिच्यानंतर आलेल्या उमेदवाराने सफाईदार इंग्रजीत ‘मी परिपूर्णतेचा आग्रही आहे’ असे सांगितले. मी त्याला अधिक गुण दिले. साहाय्य त्या मुलीला मिळाले नाही. पुढे ती या शिक्षणाकडे वळली नाही, एवढेच माझ्या कानावर आले.

मला जे उत्तर त्या ज्येष्ठ बाईंसमोर देता आले नव्हते, ते त्या मुलीने दिले होते. उणीव कोठे दिसते, हे तिने सांगितले होते. त्रास कोणाला झाला, हेही सांगितले होते. उरलेले दोन भाग काढून घेणे हे माझे काम होते. ‘मग आता तू काय करतेस?’ एवढे मी विचारले असते, तर कदाचित पुढचे उत्तर आले असते. मी विचारले नाही, कारण उत्तरातील सफाईला मी पात्रता समजले. ही चूक एका दिवसाची होती, पण तिची किंमत त्या मुलीने आणि तिच्या वाडीतील आमच्या रुग्णांनी मोजली.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत, त्यांचा मंडळाने विचार करावा अशी विनंती आहे. उमेदवाराला मराठीतून उत्तर देण्याची मोकळीक आधीच, स्पष्ट शब्दांत द्यावी. हा प्रश्न मुलाखतीच्या आरंभी विचारू नये. माणूस थोडा स्थिरावल्यावर विचारावा. पहिल्या उत्तरावर गुण देऊ नयेत. ‘त्याचा त्रास कोणाला होतो?’ आणि ‘त्यावर आज काय चालू आहे?’ हे दोन उपप्रश्न प्रत्येकाला सारखेच विचारावेत. उणीव सांगितली म्हणून गुण कापू नयेत. ती झाकली, तर मात्र विचार करावा. आणि सर्व निर्णय एकाच बैठकीवर सोपवू नये. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी वैद्यकीय प्रवेशासाठी एकाच लांब मुलाखतीऐवजी अनेक लहान मुलाखतींची पद्धत आणली. त्यात प्रत्येक ठिकाणी परीक्षक वेगळा असतो, त्यामुळे एका परीक्षकाची आवड-नावड उमेदवाराचे भवितव्य ठरवीत नाही. आपल्याकडे तीन खोल्या आणि तीन परीक्षक मिळणे अवघड नाही. त्यांपैकी एका ठिकाणी एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाला बसवावे, असे मला मनापासून वाटते. ज्या बाईंनी माझे निदान केले, त्यांच्याहून चांगली परीक्षक मला तरी भेटलेली नाही.

येथे कोणी विचारील, मग कोणतीही उणीव चालेल काय? नाही. जो म्हणतो, ‘मला रुग्णाच्या अंगाला हात लावण्याची किळस येते आणि ती जाईल असे वाटत नाही,’ त्याला आपण प्रेमाने दुसरी वाट दाखवावी. ते त्याच्याही हिताचे आहे. खोटे बोलण्याची सवय या कामात मुळीच चालत नाही, कारण रुग्णाच्या नोंदवहीवर पुढचा उपचार उभा असतो. पण भीती, उतावळेपणा, संकोच, विसरभोळेपणा या उणिवा शिक्षणाने आटोक्यात येतात. त्यासाठीच तर शाळा असते.

देणगीदार बंधुभगिनींना एवढेच सांगावेसे वाटते की, आपल्या देणगीतून शिकणारा विद्यार्थी सर्वगुणसंपन्न असावा ही अपेक्षा आपण सोडावी. आपली उणीव ओळखणारा आणि ती विचारली असता सांगणारा विद्यार्थी अधिक दिवस टिकतो आणि अधिक रुग्णांच्या उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. आणि नातेवाइकांनो, आमचे काही चुकत असेल, तर त्या शेतकऱ्याच्या पत्नीप्रमाणे आम्हाला तोंडावर सांगा. आम्ही क्षणभर खट्टू होऊ, पण त्याचा लाभ तुमच्याच माणसाला होईल.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मुलाखतीला येण्यापूर्वी उत्तर पाठ करू नका. आदल्या दिवशी घरातील एखाद्या व्यक्तीला विचारा, ‘माझ्या कोणत्या वागण्याचा तुम्हाला त्रास होतो?’ आईला विचारलेत तर ती बहुधा ‘काही नाही रे’ म्हणेल. म्हणून बहिणीला किंवा भावाला विचारा. जे ऐकाल ते कडू असेल. ते तसेच घेऊन या. बोलताना अडखळलात तरी चालेल. आम्ही थांबू. या वेळी मी कागद आणि पेन दोन्ही हातांत धरून बसणार आहे.